एका राज्याच्या दोन गाद्या
लेखमाला : खेळातली राज्ये, इतिहासातली राज्ये (लेखांक ५)

मध्ययुगीन धाटणीच्या संगणकीय खेळांत गादीवरचा दावा कसा चालतो, हे मागच्या लेखांकात पाहिले. ‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये दावा दावेदाराच्या नावापुढे नोंदलेला असतो, अमक्याचा मुलगा, तमक्याची पुतणी म्हणून तो वारशाने येतो आणि तो पक्का की कच्चा, हे खेळाडूला पडद्यावर दिसते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या आवृत्तीत राजाचा अधिकार शून्य ते शंभर या आकड्यांत मोजतात. मांडलिक तिथेही रुसतात, कट करतात, पण हक्क कोणाचा हे आधीच ठरलेले असते आणि उरते ती फक्त लढाई. या दुसऱ्या खेळाचा काळ १४४४ ते १८२१ असा आहे, त्यात मराठेही आहेत. म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर एका राज्याच्या दोन गाद्या समोरासमोर उभ्या राहिल्या, तो काळही त्यात आला. ती हकीकत तपासली की खेळाचा हिशेब उलटा ठरतो, असे माझे म्हणणे आहे. इथे हक्क आधी आणि पाठिंबा मागाहून असे घडले नाही. ज्यांच्या हाती किल्ला, गलबते आणि महालाचा वसूल होता, त्यांनी मान्यता दिली तेव्हा हक्क उभा राहिला. त्यांनी ती काढून घेतली तेव्हा तोच हक्क कोसळला.

१६८९ मध्ये संभाजीराजांचा वध झाला आणि त्याच वर्षी त्यांचे सात वर्षांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत गेले. १७०० मध्ये संभाजीराजांचे धाकटे बंधू राजाराम वारले. पुढची सात वर्षे त्यांच्या राणी ताराबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, आझमशहाने शाहूंना मोकळे केले आणि एका राज्याला दोन धनी झाले. ताराबाईंची बाजू लंगडी नव्हती. थोरल्या घरचे राज्य संभाजीराजांबरोबर बुडाले. आज जे आहे ते राजारामांनी नव्याने मिळवलेले, म्हणून त्यावर पुतण्याचा हक्क नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याला त्यांनी आणखी एक जोड दिली, ती म्हणजे हा आलेला माणूस शाहूच नव्हे, तोतया आहे. लहानपणी कैदेत गेलेला मुलगा पंचविशीत परत आला, तर तो तोच आहे हे ओळखायचे कसे? पडद्यावर लिहिलेले काही नाही. परसोजी भोसले शाहूंबरोबर एका ताटात जेवले. नात्यातल्या मातब्बर सरदाराने भर छावणीत उष्टे खाल्ले, आणि पाहणाऱ्यांच्या लेखी शाहू खरे ठरले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. निकाल ताटाने नव्हे, तलवारीने लागला. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला ताराबाईंचे सैन्य हरले आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. पण खेडला ते हरले का? ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला गेले म्हणून. औरंगजेबाच्या फौजांना जेरीस आणणाऱ्या या सेनापतीने समोरचा माणूस खरा आहे असे मनाशी ठरवले, तेव्हाच लढाईचा निकाल लागून गेला. ताराबाईंचे पुढे जे झाले त्यानेही हेच दिसते. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर त्यांना मुलासह कैद करून त्यांच्या सवतीचा, राजसबाईंचा, मुलगा संभाजी गादीवर आला; हीच कोल्हापूरची गादी. वंश तोच, दावा तोच. फक्त जवळची माणसे फिरली होती.

कोकणात हे अधिक स्पष्ट दिसते, कारण इथे सत्ता म्हणजे जंजिरे, बंदरे आणि गलबते. आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूचे. १७१३ मध्ये शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेले, तर कान्होजींनी त्यांनाच कैद केले. शाहूंनी मग बाळाजी विश्वनाथांना पेशवाई देऊन बोलणे लावले. कान्होजींची सरखेली आणि किल्ले कायम झाले, आणि बहुतेक किनारा न लढता साताऱ्याकडे वळला. कुडाळ प्रांताचे खेम सावंत आधीच शाहूंना मिळाले होते. त्यांचा मुलूख त्यांच्याकडे राहिला, शिवाय साळशी महालाचा अर्धा वसूल त्यांना आणि आंग्र्यांना मिळून नेमून दिला गेला. साळशी आज देवगड तालुक्यातले एक गाव आहे. त्या वेळी ते महालाचे ठाणे होते. कोल्हापूर ज्या मुलखावर हक्क सांगत होते तिथला वसूल साताऱ्याचे राजे वाटून देत होते, आणि घेणारे तो घेत होते. घेणाऱ्याने सनद स्वीकारली की देणाऱ्याची गादी त्या गावापुरती खरी होत होती.

मग हे सगळे सरदार संधिसाधू होते, असे कोणी म्हणेल. स्वार्थ होताच. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयीची सावधगिरी आहे ती उगाच नाही, तो अनुभवी माणूस कोल्हापूरच्या बाजूला राहून हे सगळे पाहत होता. तरीही स्वार्थ म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. केवळ बळावर राहायचे असते, तर कान्होजींना कोणाच्याच सनदेची गरज नव्हती. त्यांचे आरमार कोणत्याही छत्रपतींच्या आवाक्याबाहेरचे होते. पण मुलाला वारसा द्यायचा, शेजाऱ्याने हद्द मानायची, रयतेने वसूल द्यायचा, तर वर एक गादी हवी आणि ती इतरांनीही मानलेली हवी. सरदाराला छत्रपती हवेत ते याच कारणाने, आणि छत्रपतींना सरदार हवेत तेही याच कारणाने.

खेळात अशा वादाचा शेवट एकाच्या विजयात होतो. १७३० मध्ये शाहूंच्या फौजेने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा वारणाकाठी पाडाव केला, तेव्हा इथेही तसे करता आले असते. शाहूंनी तसे केले नाही. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरची गादी मान्य झाली. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे गेला, कोकणात साळशीपासून अंकोल्यापर्यंतचा प्रांत त्यांचा ठरला. कोपळच्या बदल्यात रत्नागिरी साताऱ्याकडे आली. एकाकडून फुटून आलेला चाकर दुसऱ्याने ठेवू नये, असेही कलम होते. माझ्या मते तहाचे मर्म याच कलमात आहे. चोवीस वर्षे दोन्ही गाद्यांना पोखरत आलेली गोष्ट तहनामा लिहिणाऱ्यांनी नेमकी ओळखली होती. मालवणचा सिंधुदुर्ग या वाटणीत कोल्हापूरकडे राहिला. त्या किल्ल्यात राजारामांनी बांधलेले शिवरायांचे देऊळ आहे; आत बैठी मूर्ती, दाढी नाही, डोक्यावर खलाशाची टोपी. आपण राजारामांचा वंश आहोत, असे सांगणाऱ्या गादीला हा किल्ला नुसते आरमारी ठाणे वाटला नसणार.

दोन गाद्यांमुळेच इंग्रजांचे फावले, हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले. पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंशी तह करून तो परत केला. १८१२ मध्ये मालवण कायमचे गेले. पण १७६५ ची दुर्बळता आली कुठून? १७६० च्या अखेरीस कोल्हापूरचे संभाजीराजे निपुत्रिक वारले आणि पेशव्यांनी कोल्हापूर साताऱ्यात विलीन करण्याची खटपट केली. जिजाबाईंची ताकद दत्तकाच्या हक्कासाठी भांडण्यात खर्ची पडत होती. दोन गाद्या आहेत हे मान्य असताना किनारा सांभाळला गेला. एकच करण्याच्या प्रयत्नात तो उघडा पडला. साताऱ्याची एक गादी तरी निर्विवाद होती काय? १७४९ मध्ये शाहू वारले आणि ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर यायचा होता, तेव्हा रघूजी भोसल्यांनी मागितलेला पुरावा तोच होता : ताराबाईंनी सर्वांदेखत त्याच्याबरोबर जेवावे. रघूजी परसोजींच्याच घराण्यातले. ताराबाई जेवल्या, आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे हा आपला नातू नव्हे अशी शपथही त्यांनीच घेतली. तरी रामराजा गादीवर राहिला, कारण तोवर पेशव्यांना आणि सरदारांना तो राजा म्हणून हवा होता.

याच काळात सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांना दिल्लीहून ‘राजेबहादूर’ किताब मिळाला आणि कोल्हापूरने त्यावरून लढाई धरली. १८०३ मध्ये ते मुलाशिवाय वारले. त्यांच्या राणी लक्ष्मीबाईंनी घेतलेला दत्तक मुलगा पुढे मारला गेला. त्या गादीचे प्रकरण पुढच्या लेखांकात.