लेप्टो आणि शरीराचे पहारेकरी

भातलावणीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. उंदरांच्या मूत्रातून चिखलात आलेले जंतू पायांवरील जखमांतून शरीरात शिरतात. जंतूंची चाहूल घेणारे 'टोलसदृश ग्राहक' आपल्या पेशींवर जन्मतःच असतात. त्यासंबंधीच्या संशोधनास २०११ मध्ये नोबेल मिळाले. यांपैकी चौथ्या क्रमांकाचा मानवी ग्राहक लेप्टोच्या जंतूचे आवरण ओळखत नाही, उंदराचा ओळखतो. उंदीर सहसा धडधाकट राहतो, त्याचे हे एक कारण मानले जाते.

उलट, अन्य जंतुसंसर्गांत हाच ग्राहक अतिउत्तेजित झाल्यास दाह जिवावर बेततो. त्याला रोखणारे 'एरिटोरान' मात्र तीव्र जंतुसंसर्गाच्या रुग्णांतील मृत्यू घटवू शकले नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. पहारेकऱ्यांना वेळेवर जागे वा शांत करणारे उपचार शोधले जात आहेत. तोवर लावणीनंतर ताप आल्यास अंगावर न काढता तातडीने डॉक्टरांकडे जाणेच श्रेयस्कर.