स्वादुपिंडातील पुटी : निदान, देखरेख आणि पथ्य

मुतखड्यासाठी, पित्ताशयाच्या दुखण्यासाठी किंवा अपघातानंतर पोटाचा सीटी स्कॅन करण्यात येतो आणि अहवालाच्या अखेरीस ‘स्वादुपिंडात लहान पुटी आढळली’ अशी एक ओळ येते. मूळ तक्रार बाजूला राहून त्या एका ओळीने सारे कुटुंब धास्तावते. स्वादुपिंडाचे नाव बहुतेकांनी कर्करोगाच्या संदर्भातच ऐकलेले असते. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच अवयवाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हापासून तर हा शब्द मराठी घरांत अधिकच भीतीने उच्चारला जातो. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की, अन्य कारणासाठी पोटाचा सीटी स्कॅन केलेल्या शंभर व्यक्तींपैकी दोन-तिघांच्या स्वादुपिंडात अशी पुटी दिसून येते. एमआरआय तपासणीत हे प्रमाण आणखी वाढते आणि वयोमानाप्रमाणेही ते वाढत जाते. यांपैकी बहुसंख्य पुटी रुग्णाला आयुष्यभर काहीही त्रास देत नाहीत. थोड्या पुटी मात्र पुढे कर्करोगात रूपांतरित होऊ शकतात. या थोड्या पुटी वेळेवर ओळखणे आणि उरलेल्या रुग्णांना अनावश्यक शस्त्रक्रियेपासून वाचवणे, हाच देखरेखीचा हेतू होय.

नागपूरच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे. विदर्भाच्या सर्व जिल्ह्यांतून, तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या भागांतून आणि छत्तीसगडमधून रुग्ण येथे उपचारासाठी येतात. १८६२ साली सुरू झालेले मेयो रुग्णालय, १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय, आणि अलीकडच्या काळात मिहान परिसरात उभी राहिलेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अशी सार्वजनिक रुग्णालये या शहरात आहेत. येथील रुग्णाच्या हाती कधी मराठी, कधी हिंदी, तर बहुधा इंग्रजी अहवाल पडतो. हिंदीतील ‘अग्न्याशय’ म्हणजेच मराठीतील स्वादुपिंड. हे दोन निरनिराळे अवयव आहेत असा समज अनेकदा होतो, म्हणून एवढा खुलासा आवश्यक वाटतो.

स्वादुपिंड हा जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवा पसरलेला, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा अवयव आहे. त्याचे डोके लहान आतड्याच्या आरंभीच्या वळणात बसलेले असते आणि शेपटीचे टोक प्लीहेपर्यंत पोहोचते. त्याची कामे दोन. पहिले काम म्हणजे दररोज सुमारे दीड लिटर पाचकरस तयार करून तो एका मुख्य नलिकेतून आतड्यात सोडणे. या रसातील विकरांमुळे स्निग्ध पदार्थ, प्रथिने व पिष्टमय पदार्थ पचतात. दुसरे काम इन्शुलिन व ग्लुकॅगॉन ही संप्रेरके रक्तात सोडण्याचे. पहिल्यामुळे साखर उतरते, दुसऱ्यामुळे चढते. जर्मन शास्त्रज्ञ पाऊल लांगरहान्स याने १८६९ साली या अवयवातील पेशींची लहान बेटे वर्णन केली आणि १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी त्यांतून इन्शुलिन वेगळे केले. अवयव इतका खोल दडलेला असल्याने बाहेरून हाताला लागत नाही. पोटातील वायूमुळे सोनोग्राफीतही तो अनेकदा अर्धवटच दिसतो. ‘सोनोग्राफीत काही निघाले नाही’ एवढ्यावर स्वादुपिंड निर्दोष ठरवता येत नाही, ते यामुळेच.

पुटी म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. सगळ्या पुटींना एकच नाव दिले जात असले तरी त्यांची जात वेगवेगळी असते आणि पुढील सर्व निर्णय या जातीवर अवलंबून असतात. आपल्याकडे वारंवार आढळणारी पहिली जात ‘आभासी पुटी’ ही होय. स्वादुपिंडाला अचानक दाह झाला की पाचकरस नलिकेतून बाहेर झिरपतो आणि जवळपास साचतो. चार आठवड्यांच्या सुमारास त्याभोवती तंतूंचे कवच तयार होते. हे कवच खऱ्या पेशींच्या अस्तराचे नसते, म्हणूनच ती आभासी. तिच्यातून कर्करोग उद्भवत नाही. पूर्वी अशी पुटी सहा सेंटिमीटरपेक्षा मोठी असली आणि सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकली की शस्त्रक्रिया करावी, असा दंडक होता. आता तो मागे पडला आहे. वेदना, उलट्या, कावीळ, ताप किंवा रक्तस्राव यांपैकी काही नसल्यास केवळ आकारावरून हस्तक्षेप केला जात नाही, कारण यांपैकी अनेक पुटी आपोआप विरून जातात. हस्तक्षेप करावाच लागला तर आज बहुधा दुर्बिणीतून जठराच्या भिंतीतून वाट करून द्रव जठरात वळवला जातो. कवच पक्के होण्याआधी हे करणे धोक्याचे असल्याने डॉक्टर काही आठवडे थांबण्यास सांगतात. या थांबण्याचा अर्थ हयगय असा रुग्णाच्या नातेवाइकांनी करू नये.

दुसऱ्या गटातील पुटी या स्वादुपिंडाच्या पेशींचीच वाढ असतात. पातळ पाण्यासारख्या द्रवाची, मधाच्या पोळ्याप्रमाणे बारीक कप्प्यांची पुटी बहुधा उतारवयातील स्त्रियांत आढळते आणि जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. चिकट, बुळबुळीत द्रवाच्या पुटींबाबत मात्र सावध राहावे लागते. त्यांतील एक प्रकार मध्यमवयीन स्त्रियांत, स्वादुपिंडाच्या मध्यभागात किंवा शेपटीत आढळतो. दुसरा प्रकार नलिकेच्या अस्तरातून उगवतो व पुरुष-स्त्री दोघांतही दिसतो. ही वाढ मुख्य नलिकेत असेल तर कर्करोगाचा धोका मोठा असल्याने प्रकृती साथ देत असल्यास शस्त्रक्रियेचाच सल्ला देण्यात येतो. ती केवळ बाजूच्या शाखेत असेल तर धोका बराच कमी असतो, आणि देखरेखीखाली राहणारे बहुसंख्य रुग्ण याच वर्गातील असतात. आपल्या देशात क्वचित क्षयरोगाची गाठही स्वादुपिंडात पुटीसारखी दिसते. औषधांनी बरी होणारी ही व्याधी शस्त्रक्रियेपूर्वी ध्यानात यावी लागते.

जात ठरवण्यासाठी एमआरआय व त्यातील नलिकांचे चित्र उपयुक्त ठरते. त्यात क्ष-किरण वापरले जात नसल्याने वर्षानुवर्षे करावयाच्या तपासणीसाठी ते अधिक योग्य. शंका राहिल्यास तोंडावाटे दुर्बीण घालून तिच्या टोकावरील सोनोग्राफीने स्वादुपिंड अगदी जवळून पाहतात आणि सुईने थोडा द्रव काढतात. द्रवात अमायलेज फार कमी असेल तर आभासी पुटीची शक्यता मागे पडते, साखर कमी असेल तर बुळबुळीत द्रवाची पुटी असावी असे मानतात. सीईए नावाचा घटक वाढलेला असणे हेही त्याच जातीचे लक्षण होय. अनेक रुग्ण हा आकडा पाहून कर्करोग झाला असे समजतात. हा आकडा पुटीची जात सुचवतो, ती बिघडली आहे की नाही हे सांगत नाही.

देखरेख किती दिवसांनी

या प्रश्नाचे उत्तर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी क्योटो येथील विचारविनिमयातून ठरवून २०२४ साली प्रसिद्ध केले आहे. शाखेतील पुटी २ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि कोणतेही चिंताजनक लक्षण नसेल तर सहा महिन्यांनी एकदा व त्यानंतर दर १८ महिन्यांनी तपासणी सुचवण्यात आली आहे. २ ते ३ सेंटिमीटरच्या पुटीसाठी पहिल्या वर्षात दोनदा व नंतर दरवर्षी, तर ३ सेंटिमीटर व त्याहून मोठ्या पुटीसाठी दर सहा महिन्यांनी. चिंताजनक लक्षणे कोणती? मुख्य नलिका ५ मिलिमीटर वा अधिक रुंद होणे, पुटी वर्षाला अडीच मिलिमीटर किंवा अधिक वाढणे, तिच्या भिंतीवर गाठ दिसणे, नव्याने मधुमेह होणे किंवा असलेला अचानक बिघडणे, आणि स्वादुपिंडाच्या दाहाचे झटके येणे. कावीळ होणे किंवा मुख्य नलिका १० मिलिमीटरपर्यंत रुंदावणे हे त्याहून गंभीर होय.

अडीच मिलिमीटर म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढे अंतर. एवढा फरक ओळखायचा तर आजचे चित्र जुन्या चित्राशेजारी ठेवून पाहावे लागते. नुसत्या लेखी अहवालावरून तो ओळखता येत नाही. आपल्याकडील देखरेख कोलमडते ती नेमकी येथे. गडचिरोलीचा रुग्ण दीडशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून नागपुरात येतो, पहिली तपासणी एका केंद्रात, दुसरी दुसऱ्या केंद्रात होते. फिल्म व सीडी घरी पत्र्याच्या पेटीत राहते, पावसाळ्यात खराब होते. मग प्रत्येक तपासणी ही नवीच पहिली तपासणी ठरते. रुग्णाने सर्व फिल्म, सीडी व अहवाल तारखेनुसार एका पिशवीत ठेवावेत, शक्यतो तपासणी त्याच केंद्रात व त्याच पद्धतीने करावी, आणि पुढील तपासणीचा महिना घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. हे उपाय साधे आहेत, परंतु त्यांच्यावाचून महागडी यंत्रेही निरुपयोगी ठरतात.

खर्चाचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२३ मधील निर्णयानुसार प्रति कुटुंब वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले. तथापि ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. केवळ देखरेखीची तपासणी व दाखल उपचार यांतील फरक योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावा. शासकीय रुग्णालयातील एमआरआयसाठी तारीख लांबची मिळू शकते. म्हणून सहा महिन्यांनी करावयाच्या तपासणीसाठी नोंदणी सहा महिने उलटल्यावर करून चालत नाही.

दाह आणि त्याची कारणे

स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ उठते, ती पाठीत जाते आणि पुढे वाकून बसल्यास किंचित कमी वाटते. पित्ताशयातील खडे आणि मद्यपान ही त्याची दोन प्रमुख कारणे. रक्तातील ट्रायग्लिसराइड १००० च्या वर जाणे हे तिसरे. कापसाच्या पट्ट्यात लक्षात ठेवण्याजोगे आणखी एक कारण म्हणजे फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची विषबाधा. अशा रुग्णाचे पोट दुखत असल्यास स्वादुपिंडाचाही विचार करावा लागतो. वारंवार दाह होऊन अवयव कायमचा झिजला, त्यात खडे झाले की तो जुनाट दाह होय. दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, मद्य न घेणाऱ्या तरुणांत होणाऱ्या अशा रोगाचा अभ्यास १९६० च्या दशकात डॉ. गीवर्गीस यांनी केला. तेव्हा टॅपिओकाच्या कंदावर व कुपोषणावर संशय होता, पुढे काही रुग्णांत आनुवंशिक दोष आढळल्याने तो संशय बराच ओसरला.

मद्याइतकाच तंबाखूचा अपराध आहे, आणि विदर्भात हे ठासून सांगणे भाग आहे. धूम्रपानाने जुनाट दाह वाढतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली तरी सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा नागपूरच्या प्रत्येक चौकात मिळतो. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो हे आता बहुतेकांना माहीत आहे. धूरविरहित तंबाखू स्वादुपिंडाच्या कर्करोगालाही कारणीभूत आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने काढला आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. पुटीसाठी वर्षानुवर्षे एमआरआय करायचा आणि खिशात खर्ऱ्याची पुडी ठेवायची, यातील विसंगती डॉक्टरांनीच रुग्णाला स्पष्ट शब्दांत दाखवून द्यावयास हवी.

आहाराबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. पुटी आहे पण तक्रार काही नाही, अशा व्यक्तीला वेगळे पथ्य लागत नाही. जुनाट दाहात मात्र पाचकरस अपुरा पडतो. शौच फिकट, तेलकट व दुर्गंधीयुक्त होते, पाण्यावर तरंगते, वजन उतरते. अशा रुग्णाला घरचे लोक तेल-तूप पूर्ण बंद करून केवळ पातळ वरणभातावर ठेवतात आणि तो अधिकच खंगतो. योग्य उपाय म्हणजे विकरांच्या कॅप्सूल. त्या जेवणाआधी तासभर किंवा जेवण झाल्यावर घेण्यापेक्षा जेवतानाच, पहिल्या घासांबरोबर व मध्ये विभागून घ्याव्यात. प्रौढ व्यक्तीला मुख्य जेवणासाठी साधारणतः ४० ते ५० हजार युनिट लायपेज व फराळासाठी त्याच्या निम्मे लागते. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार होतात. धार्मिक कारणाने वा शाकाहारामुळे ज्यांना अडचण वाटते त्यांनी ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी, गुपचूप औषध बंद करू नये. ज्वारीची भाकरी, डाळी, दही, अंडी हे सर्व चालते. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे. सावजी रस्सा आणि पोह्यांवरची तेलाचा थर असलेली तर्री यांना मात्र निरोप द्यावा लागतो, आणि नागपूरकराला ते दारू सोडण्याइतकेच कठीण जाते.

स्वादुपिंड झिजून होणारा मधुमेह नेहमीच्या मधुमेहाहून वेगळा असतो. त्यात इन्शुलिनबरोबर ग्लुकॅगॉनही कमी पडते. परिणामी साखर उतरू लागली तर तिला सावरणारे शरीरात काही उरत नाही. अशा रुग्णाने इन्शुलिन घेऊन जेवण टाळणे जिवावर बेतू शकते. सोबत साखर किंवा गूळ ठेवावा आणि घाम, थरथर व गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत. उलटपक्षी, पन्नाशीनंतर घराण्यात मधुमेह नसताना एकाएकी साखर वाढली आणि त्याच सुमारास वजन घटू लागले तर केवळ गोळ्या सुरू न करता स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी. वेदनेविना झालेली कावीळ हीदेखील गावठी औषधांवर आठवडे काढण्याची व्याधी नव्हे.

देखरेख कायमची असावी काय, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान पुटी पाच वर्षांत मुळीच बदलली नाही तर तपासणी थांबवणे व चालू ठेवणे, हे दोन्ही पर्याय क्योटोच्या मार्गदर्शनात मान्य केलेले आहेत. थांबवू नये असे म्हणणारे एका गोष्टीकडे बोट दाखवतात : अशा रुग्णात क्वचित कर्करोग त्या पुटीत नव्हे, तर स्वादुपिंडाच्या दुसऱ्याच भागात उद्भवतो. थांबवावे असे म्हणणारे वयाचा विचार करतात. स्वादुपिंडाचे डोके काढण्याची शस्त्रक्रिया आजही मोठी आहे. जो वृद्ध रुग्ण ती सोसू शकणार नाही, त्याला दर वर्षी यंत्राखाली निजवून मिळणाऱ्या माहितीचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न असतो. हा निर्णय रुग्ण, त्याचे कुटुंबीय व डॉक्टर यांनी एकत्र बसून घ्यावयाचा असतो, आणि त्या वेळीही त्यांच्यासमोर आधीच्या सर्व फिल्म असणे आवश्यक असते.