उद्दान, मातिका आणि सर्च बॉक्स : तिपिटकाकडून शोधण्याची कला शिकूया

"संस्कृत ही संगणकासाठी सर्वात योग्य भाषा असल्याचे नासाने मान्य केले" हा मेसेज आपल्यापैकी बहुतेकांना एकदा तरी आलेला असेल. त्याचे मूळ रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली 'एआय मॅगझिन'मध्ये लिहिलेल्या एका लेखात आहे. संस्कृत वैयाकरणांनी वाक्यार्थाचे केलेले विश्लेषण संगणकातील ज्ञानमांडणीशी कुठे जुळते, एवढाच त्या लेखाचा विषय होता. बाकीचे फॉरवर्ड करणाऱ्यांनी जोडले. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे आजही भाषातंत्रज्ञानात अभ्यासली जातात, त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण मजकूर साठवायचा, क्रमाने लावायचा आणि हवा तेव्हा नेमका बाहेर काढायचा, या कामाची एक मोठी भारतीय परंपरा पालीत आहे. तिच्याबद्दल मात्र कुणी मेसेज पाठवत नाही.

आधी संगणक शोधतो कसा ते पाहू. आपण शब्द टाकल्यावर तो सगळी पुस्तके पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. त्याने आधीच एक सूची करून ठेवलेली असते : हा शब्द, आणि तो ज्या ज्या ठिकाणी येतो ती ठिकाणे. शोध त्या सूचीत होतो. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच सूची, फक्त प्रत्येक शब्दाची.

आता तिपिटकाकडे या. लिहून ठेवण्याच्या आधीच्या काळात हे सर्व साहित्य भाणकांनी मुखोद्गत ठेवले. हे भाणक दूर कुठले नव्हेत. कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या एका भाणकाच्या दानाचा लेख आहे. एवढा मोठा साठा डोक्यात ठेवायचा तर नुसते पाठांतर पुरत नाही, सूची लागते. म्हणून वग्गाच्या शेवटी 'उद्दान' येते. त्या वग्गातील प्रत्येक सुत्ताची एकदोन शब्दांची खूण एका गाथेत गुंफलेली असते. मज्झिम निकायात १५२ सुत्ते आहेत. पंधरा वग्गांपैकी चौदांत दहा-दहा आणि एकात बारा. म्हणजे उद्दान म्हणताना खुणा नऊच भरल्या तर एक सुत्त सुटले हे लगेच कळते. फाईल पूर्ण उतरली की नाही हे संगणक तपासतो, त्याच जातीचे हे काम आहे.

अंगुत्तर निकायात तर संख्या हीच चावी आहे. एककापासून एकादसकापर्यंत अकरा निपात. विषयात चार गोष्टी सांगितल्या आहेत एवढे आठवले तरी चतुक्क निपातात जायचे. संयुत्त निकाय तेच काम विषयावरून करतो, त्यात ५६ संयुत्ते आहेत. धम्मसंगणीच्या आरंभीची मातिका याहून पुढची. २२ तिके आणि १०० दुके आधी मांडून, मग एकेक धम्म कोणत्या वर्गात बसतो हे पाहिले जाते. आजच्या खरेदीच्या वेबसाइटवर आपण एकाच वस्तूला किंमत, आकार, रंग असे वेगवेगळे फिल्टर लावतो. मातिकेची कल्पना यापेक्षा फार वेगळी नाही.

हे सगळे कशासाठी? दीघ निकायातील संगीति सुत्त पाहा. निगण्ठ नातपुत्तांच्या निधनानंतर त्यांच्या अनुयायांत वाद माजले, या पार्श्वभूमीवर पावा येथे सारिपुत्त एकेपासून दहापर्यंतच्या याद्या संघापुढे म्हणतात. शास्ता काय म्हणाले यावर पुढे भांडण होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

मात्र याच परंपरेत संगणकाला अडवणाऱ्या गोष्टीही आहेत. वारंवार येणारा मजकूर 'पे' लिहून गाळला जातो. भाणकाला गाळलेले ठाऊक असते, संगणकाला नसते. त्यामुळे अमुक शब्द किती वेळा आला याची यांत्रिक मोजणी पालीत सहज फसते. दुसरी अडचण संधीची. 'नत्थि'मध्ये 'अत्थि' दडलेला आहे, तो फोडल्याशिवाय सापडत नाही. तिसरी विभक्तीची : धम्मो, धम्मं, धम्मेन, धम्मेसु. आणि आपल्याला सर्वात जास्त नडते ती लिपीतली. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे तिपिटक देवनागरीत उपलब्ध करून दिले, हे फार मोठे काम. पण त्यात शब्द 'सङ्घ' असा आहे. मराठी मुलगा 'संघ' टाइप करतो, काही सापडत नाही, आणि तो म्हणतो इथे हा विषयच नाही.

हीच गोष्ट बाबासाहेबांच्या साहित्याची. 'मूकनायक' १९२० चे, 'बहिष्कृत भारत' १९२७ चे. तेव्हाच्या लेखनात 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार आहेत, ते पुढे १९६२ च्या नियमांनी गेले. शिवाय बरीचशी पाने फोटोसारखी स्कॅन केलेली, आणि जी टाइप झाली त्यातली कित्येक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाला भलतीच अक्षरे दिसतात. याची किंमत आपण रोज मोजतो. "बाबासाहेब म्हणाले होते" म्हणून फिरणारे एखादे वाक्य खरे की बनावट, हे तपासायला बसलो तर दिवस जातो, तोवर ते हजारो फोनवर पोचलेले असते.

महापरिनिब्बान सुत्तात यावर चार महापदेस सांगितले आहेत. हे बुद्धांकडून ऐकले असे कुणी म्हणाले तर लगेच स्वीकारू नका, लगेच झिडकारूही नका. सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. ताडून पाहायचे तर मूळ हाताशी सापडले पाहिजे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचनाचा विपर्यास कसा होत असे यावर लिहिले, आणि त्याची जबाबदारी भाणकांच्या स्मृतीवरच्या भारावरही टाकली. कदाचित म्हणूनच त्या ग्रंथाला त्यांनी खंड, भाग, प्रकरण आणि परिच्छेद असे क्रमांक दिले. पान आवृत्तीनुसार बदलते, भाषेनुसारही बदलते. तो क्रमांक सहसा बदलत नाही.

तेव्हा विहारातल्या ज्या मुलांना टायपिंग येते त्यांनी एकेक अंक घ्यावा. मजकूर युनिकोडमध्ये, मूळ शुद्धलेखन जसेच्या तसे ठेवून उतरवावा. आजचे रूप शेजारी वेगळ्या रकान्यात द्यावे, म्हणजे 'नाही' शोधले तरी 'नाहीं' सापडेल. मूळ सुधारू नये, हा मोह फार होतो. प्रत्येक परिच्छेदाला तारीख, पान आणि क्रमांक द्यावा, आणि अंकाच्या शेवटी लेखांच्या खुणांचे एक उद्दान लिहावे. टायपिंग न येणाऱ्यांनी मूळ पानाशी ताडून मोठ्याने वाचून दाखवावे. दोघे असले की चुका लवकर सापडतात.