गणितात कमी गुण मिळाले तर इंजिनिअरिंगचा रस्ता बंद होतो का? दहावी ते डिग्री, नियम नेमके काय सांगतात

दहावीचा निकाल लागला की पालघर, बोईसर, डहाणू भागातल्या घराघरांत एक चर्चा ठरलेली असते. गणितात चाळीस-पंचेचाळीस गुण आहेत, मग सायन्स घ्यायचं का? घेतलं तर गणित ठेवायचं की सोडायचं? सोडलं तर पुढे काय?

या भागात हा प्रश्न जास्त टोकदार आहे. एका बाजूला तारापूर एमआयडीसीतले रासायनिक आणि औषधनिर्मितीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला 1969 पासून सुरू असलेलं तारापूर अणुऊर्जा केंद्र. नोकऱ्या दिसतात, पण त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या बहुतेक वाटांवर गणित उभं असतं. ते नेमकं कुठे आडवं येतं आणि कुठे येत नाही, हे पाहूया.

दहावीचे टक्के गणिताचे गुण लपवतात

राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन पेपर असतात. बीजगणिताला 40, भूमितीला 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाला 20, असे एकूण 100 गुण. उत्तीर्ण होण्यासाठी 35 लागतात.

पण गुणपत्रिकेवरचे टक्के 'बेस्ट ऑफ फाइव्ह' पद्धतीने काढले जातात. सहापैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरले जातात. त्यामुळे गणितात 42 असलेल्या विद्यार्थ्यालाही 80 टक्के पडू शकतात. अकरावीचा प्रवेश याच टक्क्यांवर होतो आणि सायन्सला जागा मिळून जाते. गणिताचं खरं दुखणं मग अकरावीच्या पहिल्या चाचणीत कळतं.

म्हणून अकरावीचा अर्ज भरताना एकूण टक्क्यांसोबत गणिताचे गुण वेगळे पाहायला हवेत.

अकरावीत गणित सोडलं तर काय बंद होतं?

सायन्सला तीन गट असतात. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स म्हणजे पीसीएम, मॅथ्सऐवजी बायोलॉजी घेतली तर पीसीबी, आणि दोन्ही ठेवले तर पीसीएमबी.

गणित सोडून पीसीबी घेतलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरची डिग्री हातची जाते. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीलाही बारावीला गणित विषय असावा लागतो. सोबत एकूण 45 टक्के (राखीव प्रवर्गासाठी 40) लागतात.

पण बी. फार्मसी बंद होत नाही. तिथे फिजिक्स आणि केमिस्ट्री सक्तीचे आहेत, तिसरा विषय गणित किंवा बायोलॉजी चालतो. केमिस्ट्रीतल्या बीएस्सीसाठीही पीसीबी पुरतं. तारापूरच्या कारखान्यांत प्रयोगशाळेत काम करायची इच्छा असेल, तर ही वाट गणिताविना उघडी आहे.

इंजिनिअरिंगला गणितात किती गुण लागतात?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. 'गणितात 45 टक्के लागतात' असं सर्रास सांगितलं जातं. नियम तसा नाही.

राज्यात बी.ई. किंवा बी.टेक.साठी बारावीत फिजिक्स आणि गणित सक्तीचे आहेत. सोबत केमिस्ट्री किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा यादीतला एक विषय लागतो. या तिन्ही विषयांत मिळून 45 टक्के हवेत. राज्यातले मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवार यांच्यासाठी ही अट 40 टक्के आहे.

तीन विषयांचे मिळून 300 गुण. खुल्या प्रवर्गाला त्यातले 135 लागतात, सवलत असलेल्यांना 120.

समजा, गणितात 35, फिजिक्सला 50, केमिस्ट्रीला 55 आहेत. बेरीज 140, म्हणजे 46.67 टक्के. गणितात काठावर पास होऊनही हा विद्यार्थी पात्र आहे.

दुसरं उदाहरण. गणितात 35, फिजिक्सला 40, केमिस्ट्रीला 50. बेरीज 125, म्हणजे 41.67 टक्के. हा विद्यार्थी खुल्या प्रवर्गातून अपात्र, पण 40 टक्क्यांची अट लागू असेल तर पात्र. इथे जातीच्या किंवा ईडब्ल्यूएसच्या कागदपत्रावर अख्खा प्रवेश अवलंबून असतो. ती कागदपत्रं निकालानंतर नाही, आधीच तयार हवीत.

या बेरजेत प्रॅक्टिकलचे गुणही धरले जातात. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला प्रत्येकी 30, गणिताला 20. वर्षभर जर्नल पूर्ण न करणं इथे महागात पडतं.

आयआयटी, एनआयटीची अट मात्र कडक आहे. बारावीत 75 टक्के (एससी, एसटी आणि दिव्यांगांसाठी 65) किंवा आपल्या बोर्डात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं.

मग खरी अडचण कुठे आहे?

45 टक्के ही फक्त दारात उभं राहण्याची अट आहे. आत कोण जाणार, हे प्रामुख्याने एमएचटी-सीईटी ठरवते.

सीईटीत पीसीएम गटाला 200 गुण असतात. फिजिक्सचे 50 प्रश्न, केमिस्ट्रीचे 50 प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचेही प्रश्न 50च, पण प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे निम्मी परीक्षा एकट्या गणिताची. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट मराठी माध्यमाच्या मुलांनी आधीच माहीत करून घ्यावी. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात, गणिताचे फक्त इंग्रजीत. विक्रमगड किंवा जव्हारच्या शाळेत 'वर्गसमीकरण' पक्कं केलेल्या मुलाला 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' परकं वाटू शकतं. गणित तेच असतं, नाव बदललेलं असतं. दहावीनंतरच्या सुट्टीत पाठ्यपुस्तकातल्या संज्ञांची मराठी-इंग्रजी यादी करून ठेवली, तर अकरावीचे पहिले तीन महिने बरेच सोपे जातात.

बारावीच्या गणिताशिवाय इंजिनिअर होता येतं का?

येतं. रस्ता पॉलिटेक्निकचा आहे.

दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला दहावीत किमान 35 टक्के लागतात. जिल्ह्यात विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमा किमान 45 टक्क्यांनी (सवलतीच्या प्रवर्गात 40) पूर्ण केला, की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्यासाठी बारावी लागत नाही, सीईटीही लागत नाही. पालघर आणि बोईसरमध्ये इंजिनिअरिंग कॉलेज असल्याने डिग्रीसाठी मुंबई गाठावीच लागते असं नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांनाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची सोय आहे.

पण याचा अर्थ गणितातून सुटका असा नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातही गणित आहे आणि डिग्रीतही. फरक इतकाच, की ते हळूहळू आणि कामाशी जोडून येतं.

अणुऊर्जा केंद्रातल्या भरतीचं वेगळं गणित

एनपीसीआयएलच्या स्टायपेंडरी ट्रेनी भरतीत फिटर, इलेक्ट्रिशियनसारख्या पदांना आयटीआय लागतं. पण त्याआधी दहावीला विज्ञान आणि गणित या विषयांत स्वतंत्रपणे 50 टक्के मागितले जातात. ऑपरेटर पदासाठी बारावी सायन्स, तेही फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणितासह, किमान 50 टक्के.

म्हणजे ज्या 42 गुणांनी पॉलिटेक्निक अडत नाही, डिग्रीही अडत नाही, तेच 42 गुण आयटीआयनंतर घराजवळच्या या नोकरीत अडू शकतात. 'आयटीआयलाच जायचंय, गणित कशाला' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

'गणित आता सक्तीचं नाही' या मेसेजचं काय?

2021 मध्ये एआयसीटीईने 14 विषयांची यादी देऊन त्यातले कुठलेही तीन चालतील, असं म्हटलं. त्यावर वाद झाला आणि बहुतेक शाखांसाठी गणित महत्त्वाचंच राहील, असा खुलासा परिषदेने केला. राज्याच्या नियमात फिजिक्स आणि गणित कायम आहेत.

ऑक्टोबर 2024 मध्ये 'दहावीत गणितात 20 गुण मिळाले तरी पास' अशा बातम्या फिरल्या. तो राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातला भाग होता. त्यातही अशा गुणपत्रिकेवर शेरा असेल आणि गणित-विज्ञानाच्या वाटेने पुढे जाता येणार नाही, असंच म्हटलं होतं.

गुण कमी पडलेच, तर?

- दहावीत एक-दोन विषय राहिले असतील, तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षाही असते.
- पास आहात पण गुण वाढवायचे आहेत, तर श्रेणीसुधार योजना आहे. त्यात सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात.
- पीसीबीने बारावी झाली आणि आता गणित हवंय, तर मंडळाकडे 'तुरळक विषय' म्हणून फक्त गणिताचा अर्ज करता येतो. एनआयओएसमध्येही एखादाच विषय घेण्याची सोय आहे.
- सीबीएसईच्या विद्यार्थ्यांनी दहावीला 'बेसिक' गणित घेतलं असेल, तर अकरावीला नेहमीचं गणित मिळेल का, हे शाळेकडून लेखी विचारून घ्यावं. बेसिक हा पर्याय मुळात गणित पुढे न घेणाऱ्यांसाठी आणला होता.

अकरावीत गणित ठेवून नंतर ते न वापरणं सोपं आहे. सोडलेलं गणित परत मिळवायला मात्र अनेकदा एक वर्ष जातं. त्यामुळे मनात थोडी जरी शंका असेल, तर पीसीएमबीचा विचार करायला हरकत नाही. आणि अर्ज भरण्याआधी सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान स्वतः वाचा, कारण नियम दरवर्षी तिथेच छापले जातात.