परकी कातडी अंग का धरत नाही?

आपल्या महाळुंग्यात घरी चूल नाहीतर गॅस, आणि चाकणच्या कारखान्यात भट्टी. भाजण्याची भीती दोन्हीकडे. कुणी फार भाजलं की घरचे डॉक्टरांना विचारतात, "माझी कातडी काढून लावा ना!" लावता येते, पण ती कायमची टिकत नाही. असं का?

आपल्या प्रत्येक पेशीवर ओळखीच्या खुणा असतात. त्या आईवडिलांकडून येतात, पण सख्ख्या बहिणींच्याही बहुतेक वेळा पूर्ण जुळत नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. परकी खूण दिसली की त्या वाढतात आणि त्या कातडीवर तुटून पडतात. दोनतीन आठवड्यांत ती सुटते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पीटर मेडावर यांना दिसलं, की त्याच माणसाची कातडी पुन्हा लावली तर ती आणखी लवकर झडते. म्हणजे राखणदार चेहरा विसरत नाहीत! याच विषयातल्या कामासाठी मेडावर यांना १९६० साली नोबेल मिळालं.

मग जनावराचा अवयव? डुकराच्या पेशींवर एक साखर असते, ती माणसात नसते. तिच्याविरुद्धची हत्यारं आपल्या रक्तात आधीच तयार असतात. म्हणून डुकराचा अवयव तसाच जोडला तर काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय एका रुग्णाला बसवलं. तो दोन महिने जगला.

मग दोनतीन आठवड्यांच्या कातडीचा उपयोग काय? ती जखमेवरचं पांघरूण असते. अंगातलं पाणी झिरपत नाही, जंतू शिरत नाहीत, वेदना कमी होतात. तेवढ्या वेळात रुग्ण सावरतो आणि त्याचीच मांडीची कातडी लावता येते. ती मात्र अंग धरते.

हे पांघरूण मृत्यूनंतरच्या दानातून मिळतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. आता ऐरोलीला आणि पुण्यातही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय, पाठ इथला फक्त वरचा पातळ थर काढतात. देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, यकृताची कावीळ किंवा त्वचेचा कर्करोग असेल तर मात्र घेत नाहीत.

सहा तास रडण्यातच निघून जातात, बायांनो. म्हणून आपली इच्छा आजच घरात बोलून ठेवा.