एकाला वीस! तरी सौदा खोटाच

मागच्या व्हिडिओत दुकानातल्या अदलाबदलीबद्दल बोललो, पण एक गोष्ट राहून गेली. ती आज इथे सांगतो. माझ्याच लबाडीची आहे.

मी सहावीत होतो. पोशेऱ्यात पोस्टाची तिकिटं जमवणारे आम्ही दोघंच. मित्राला आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक जुनं पाकीट सापडलं. त्यावर अशोकस्तंभाच्या सिंहांचं दीड आण्याचं तिकीट. मी त्याच्या बदल्यात वीस परदेशी तिकिटं दिली. चकचकीत, वाघ-फुलपाखरांची. एकाला वीस! गडी उड्या मारत घरी गेला.

मी मात्र पुस्तकात वाचलं होतं. स्वतंत्र भारताची पहिली तीन तिकिटं 1947 ची. 21 नोव्हेंबरला तिरंगा आणि 'जय हिंद' असलेलं साडेतीन आण्याचं आलं, 15 डिसेंबरला सिंहांचं दीड आण्याचं आणि विमानाचं बारा आण्याचं. आणि माझी ती वीस? काही देश अशी तिकिटं फक्त छंदवाल्यांना विकायला छापतात. गठ्ठ्यानेच शिक्का मारतात, पत्रावर ती कधी लागतच नाहीत. मागचा डिंकसुद्धा तसाच असतो.

दोन वर्षांनी त्याला हे कळलं. भांडला नाही. आपली वही माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तूच ठेव." त्यानंतर त्याने तिकिटं जमवली नाहीत, आणि मलाही गावात बदलायला कोणी उरलं नाही. बरं, मिळवलं काय? सुटं तिकीट आजही फार महाग नाही. पाकिटासकट, शिक्क्यासकट ठेवलं असतं तर जास्त मोल होतं. मी शहाण्याने ते पाण्यात भिजवून काढलं होतं!

मग माझी पाळी आली

बीबीए करताना पोस्टाने अदलाबदल सुरू केली. एकाला निवडून पन्नास तिकिटं पाठवली. परत पन्नासच आली, पण निम्म्यांचे दात तुटलेले, काहींची पाठ सोलून पातळ झालेली. खूप चिडलो. पण तक्रार कशाची करणार? ठरलंच होतं "पन्नासला पन्नास". आकडा बरोबर होता, माप चुकलं होतं.

तेव्हापासून चार गोष्टी आधी ठरवतो:

1. माप कोणतं? नगास नग, की किमतीला किमत? किमत असेल तर दोघांचा कॅटलॉग एकच हवा. स्टॅन्ले गिबन्ससारख्या कॅटलॉगातला भाव हा विक्रेत्याचा असतो, आपण विकायला गेलो तर तेवढा मिळत नाही.
2. माल कसा? दात, पाठ, शिक्का, डाग. आपल्या मालाचा दोष आपणच आधी सांगायचा.
3. आधी कोण पाठवणार? पहिला व्यवहार पाच-दहा तिकिटांचा. यादी आणि फोटो आधी, पोस्टाचा खर्च कोणाचा तेही आधी.
4. पटलं नाही तर? किती दिवसांत परत, ते लिहून ठेवायचं.

दुकानात काय करतो?

आजही कोणी नाचणी, वरई घेऊन येतं आणि बदल्यात तेल-साखर मागतं. मी आधी आजचा भाव पाटीवर लिहितो, त्यांच्यासमोर वजन करतो, रुपयांत हिशोब दाखवतो आणि मगच सामान बांधतो. दोन मिनिटं जास्त जातात. पण समोरच्याला भाव माहीत नसेल तर तो सांगणं माझं काम आहे. त्याच्या अडाणीपणावर कमावलेला पैसा एकदाच मिळतो, गिऱ्हाईक मात्र कायमचं जातं.

तो मित्र आता दुकानात येतो. सामान घेतो, हसतो, बोलतो. पण बिल दोनदा तपासतो. मी काही म्हणत नाही.

आज तुमच्या धंद्यातला एक व्यवहार आठवा, ज्यात समोरच्याला कमी माहीत होतं. त्याला सगळं सांगितलं होतं का? नसेल, तर उद्या सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!