एका पौंडाचा संघ

५ डिसेंबर २००८. मंदीने गाड्यांचा खप आटवला होता आणि होंडाने जाहीर केलं, फॉर्म्युला वनमधून आम्ही बाहेर. तेव्हा इंग्लंडमधल्या ब्रॅकलीच्या कारखान्यात सातशेच्या आसपास माणसं पुढच्या मोसमाची गाडी घडवत होती. चालू मोसम जवळजवळ सोडून देऊन त्यांनी सगळी ताकद या गाडीवर लावली होती. त्यांच्या कामात खोट नव्हती. हिशेब जपानमध्ये चुकला होता.

मार्च २००९मध्ये संघप्रमुख रॉस ब्रॉन आणि निक फ्राय यांनी सहकाऱ्यांसह हा संघ एका पौंडाला घेतला. संघाला टाळं लावायचं तर कामगारांची भरपाई आणि पुरवठादारांची देणी होंडाच्याच गळ्यात पडणार होती. म्हणून जाता जाता होंडाने पुढच्या खर्चाला पैसेही दिले. आराखडा होंडाच्या इंजिनाचा, बसवायचं मर्सिडीजचं. मागचा सांगाडा कापून जागा करावी लागली. तरी मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत संघाचे दोन्ही चालक पुढे: जेन्सन बटन पहिला, रुबेन्स बारिकेलो दुसरा!

प्रतिस्पर्ध्यांनी या गाडीच्या दुहेरी डिफ्यूझरवर बोट ठेवलं. डिफ्यूझर म्हणजे तळाखालची हवा मागे सोडणारा भाग. तो जितका प्रभावी, तितकी गाडी वळणावर रस्त्याला घट्ट धरून राहते. एप्रिलमध्ये या खेळाचे नियम ठरवणाऱ्या महासंघाच्या पॅरिसमधल्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. डिफ्यूझरवरून भांडणारे बहुतेक संघ त्याच काळात महासंघाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांच्याविरुद्ध मात्र एक झाले. मोस्लींना वर्षाला चार कोटी पौंडांची खर्चमर्यादा हवी होती. जूनमध्ये आठ संघांनी वेगळी मालिका काढण्याची धमकी दिली आणि मर्यादा बारगळली.

खर्चमर्यादेवरची ती माघार मला आजही खटकते. जुलैत बीएमडब्ल्यूने, नोव्हेंबरात टोयोटाने काढता पाय घेतला. जर्मनीतल्या कोलोनच्या कारखान्यात आठ मोसम पैसा ओतूनही टोयोटाला एकही शर्यत जिंकता आली नव्हती. ब्रॉनच्या संघाने चालकांचं आणि संघांचं अशी दोन्ही विजेतेपदं पटकावली, पण त्याच वर्षी ब्रॅकलीतल्या अडीचशेहून अधिक जणांची नोकरी गेली होती.

त्याच नोव्हेंबरात मर्सिडीजने हा संघ विकत घेतला. २०१४ ते २०२१ सलग आठ वेळा संघांचं विजेतेपद याच कारखान्यात आलं. खर्चाची मर्यादा अखेर २०२१मध्ये लागू झाली, साडेचौदा कोटी डॉलरची. चालकांचं मानधन आणि सर्वाधिक पगाराच्या तीन व्यक्तींचा पगार तिच्यात धरला जात नाही. कारखान्यातल्या बाकीच्यांचा धरला जातो.